‘मोबाईल आहे ना!’ : एका भरवशाचे खंडन

निपाणी-बेळगाव पट्ट्यात घराबाहेर पडणाऱ्या कुणालाही ‘अडीअडचणीला जवळ काय ठेवता?’ असे विचारा. तीन शब्दांत उत्तर मिळते : मोबाईल आहे ना. हे उत्तर कॉलेजातला मुलगा देतो, साखर कारखान्यातला कारकून देतो, माल आणायला कोल्हापूरला ये-जा करणारा दुकानदारही देतो. ही माणसे निष्काळजी नाहीत. आपली तयारी पुरेशी आहे अशा खात्रीने ती बोलतात. म्हणूनच या मताची दखल घेणे भाग आहे. आळसाशी वाद घालून उपयोग नसतो. खात्रीशी मात्र घालता येतो.

आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो त्याच्या सर्वांत भक्कम रूपात.

पूर्वपक्ष म्हणतो : पूर्वी अडीअडचणीसाठी माणूस बॅटरी, पैशांचे पाकीट, पत्त्यांची वही, रेडिओ आणि कागदपत्रांची पिशवी एवढे सामान बाळगत असे. आज ती पाचही कामे एका हातात मावणारे यंत्र करते. पैसे यूपीआयने देता येतात. परवाना, आधार, वाहनाचे कागद 2015 पासून डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात आणि ते कायद्याने ग्राह्य धरले जातात. संकट आले तर 112 हा एकच क्रमांक फिरवायचा. सरकारचा इशाराही आता थेट फोनवर येतो. ऑक्टोबर 2023 मध्ये कर्नाटकभर एकाच वेळी फोन कर्कश वाजले, ती त्याचीच चाचणी होती. 2019 च्या महापुरात कोणत्या वाडीत माणसे अडकली आहेत आणि जेवणाची पाकिटे कुठे पोचवायची, हे गावागावांतल्या व्हॉट्सॲप गटांनीच सांगितले. शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे : आणीबाणीचे सामान कितीही उत्तम असले तरी ते घरी विसरले तर व्यर्थ, आणि माणूस घरी विसरत नाही अशी एकच वस्तू आज उरली आहे.

यातले एकही विधान खोटे नाही. मग वाद कशाचा? वाद निष्कर्षाचा आहे. ‘मोबाईल उपयोगी आहे’ हे सिद्ध झाले. त्यातून ‘मोबाईल पुरेसा आहे’ हे सिद्ध होत नाही. या दोन वाक्यांमध्ये जी दरी आहे तिच्यात ऑगस्ट 2019 चा सबंध आठवडा बुडाला होता.

त्या आठवड्याचा पुरावा आधी पाहू. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. जुलै 2021 मध्ये ते त्याही वर चढले. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग दोन ठिकाणी तुटला : उत्तरेला शिरोलीजवळ पंचगंगेने आणि दक्षिणेला निपाणीच्या तोंडाशी यमगर्णीजवळ वेदगंगेने. या दोन पाण्यांच्या मध्ये सापडलेल्या ट्रकला किंवा मोटारीला महामार्गाने पुण्याकडेही वाट नव्हती आणि बेळगावकडेही. उपकेंद्रांत पाणी शिरल्यामुळे, आणि कित्येक ठिकाणी पाण्यात करंट उतरू नये म्हणून मुद्दाम, वीज बंद केलेली होती. वीज गेल्यावर मोबाईलचा टॉवर बॅटरीवर चालतो, मग जनरेटरवर. जनरेटरला डिझेल लागते. डिझेल रस्त्याने येते. रस्ता तर पाण्याखाली.

पूर्वपक्षाच्या युक्तिवादाचा पाया इथेच खचतो. तो मोबाईलला एक वस्तू समजतो. वास्तविक आपल्या हातात असते ते एका लांबलचक व्यवस्थेचे शेवटचे टोक. मागे वीज आहे, टॉवर आहे, जमिनीखालची तार आहे, बँकेचा सर्व्हर आहे. यातले काहीही बंद पडले की हातातले टोक तेवढ्यापुरते मुके होते. पुराचा स्वभाव असा की तो या साऱ्यांना एकाच वेळी गाठतो. पाच वेगळ्या वस्तू जवळ असत्या तर एखादी बिघडली असती, चार चालल्या असत्या. पाच कामे एकाच वस्तूकडे सोपवली की बिघाडही पाचपट होतो. ज्या गुणाची पूर्वपक्ष स्तुती करतो, तोच संकटाच्या दिवशी दोष ठरतो.

‘महापूर रोज येत नाही’ असे यावर कुणी म्हणेल. मग महापुराविनाचे दाखले घ्या. 8 जुलै 2022 रोजी कॅनडात रॉजर्स या एका कंपनीचे जाळे कोसळले. ना वादळ, ना भूकंप. तरी देशभरातले डेबिट कार्डाचे व्यवहार ठप्प झाले आणि असंख्य लोकांना आपत्कालीन 911 क्रमांकही लागेना. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज एका झटक्यात गेली. आधुनिक शहरांतली माणसे सेलवरचे रेडिओ आणि मेणबत्त्या शोधत दुकानांसमोर उभी राहिली. आपल्याकडे त्याच वर्षी मार्च-एप्रिलच्या काही आठवड्यांत यूपीआय एकाहून अधिक वेळा देशभर अडखळले. आकाश निरभ्र असताना ही अवस्था. स्वीडनइतका रोकडविरहित देश क्वचितच सापडेल. तिथले सरकारच नागरिकांना घरोघरी पुस्तिका पाठवून बजावते की घरात थोडी रोकड आणि सेलवर चालणारा रेडिओ ठेवा. स्वीडिश माणसांकडे मोबाईल नाहीत काय?

रेडिओचा उल्लेख आलाच आहे तर घरचाही दाखला नोंदवावा. एप्रिल 2023 मध्ये भारत सरकारने मोबाईल उत्पादकांना सूचना केली की फोनमधली एफएम रेडिओची सोय बंद ठेवू नका, आपत्तीत ती लागते. इंटरनेट बंद पडू शकते हे सरकारने गृहीत धरले आहे. आपण अजून धरलेले नाही.

आता दुसरा मुद्दा, जो आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाला विशेष लागू आहे. मोबाईल चालू आहे, चार्ज भरलेला आहे, रेंजही उत्तम आहे असे मानू. तरी तो इथल्या संकटाबद्दल काय सांगेल? वेदगंगा आणि दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावतात. त्यांच्यावरची पाटगाव आणि काळम्मावाडी ही धरणे महाराष्ट्रात आहेत. पाणी मात्र निपाणी-चिकोडीच्या शिवारात उतरते. म्हणजे पूर इथे येतो आणि पाऊस तिकडे पडतो. फोनवरचे हवामान तुम्ही उभे आहात त्या जागेचा पाऊस सांगते. निपाणीत लख्ख ऊन असताना भुदरगड-राधानगरीतल्या दोन रात्रींच्या पावसाने जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ किंवा कारदगा-भोज बंधारा पाण्याखाली जातो. पडद्यावर सूर्याचे चित्र असते आणि समोर रस्ता नसतो. नकाशाला तो बंधारा वर्षभर जवळची वाट म्हणून माहीत आहे. आज पहाटे तो बुडाला, हे त्याला कुणीतरी कळवावे लागते. नदीकाठच्या माणसाला मात्र कोणता बंधारा आधी बुडतो, कोणता नंतर, आणि कोणता बुडाल्यावर गोठ्यातली जनावरे सोडायची हा क्रम तोंडपाठ असतो. ती माहिती कोणत्या ॲपमध्ये आहे?

112 बद्दलही हेच. क्रमांक देशभर एक असला तरी फोन घेणारी यंत्रणा राज्यागणिक वेगळी आहे, आणि कॉल कुठे जातो हे फोनने पकडलेल्या टॉवरवर अवलंबून असते. सीमेवरच्या कोगनोळीच्या आसपास उभ्या असलेल्या माणसाचा फोन कोणत्या राज्याचा टॉवर पकडील, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. अशा वेळी कामी येतो तो जवळच्या पोलीस ठाण्याचा, दवाखान्याचा आणि ओळखीच्या रुग्णवाहिकेचा थेट क्रमांक. तो फोनच्या यादीत असतो. फोन बंद पडला की यादीही बंद.

तिसरा मुद्दा माणसाच्या शरीराचा. तवंदी घाटात पावसात दुचाकी घसरते. चालवणारा शुद्धीवर नाही. त्याचा फोन कुलूपबंद आहे. त्याचा रक्तगट, त्याच्या घरचा क्रमांक, त्याला मधुमेह आहे का, हे सारे त्या कुलपाच्या आत. पूर्वपक्ष म्हणेल, कुलूप न उघडता दिसेल अशी आपत्कालीन माहिती भरण्याची सोय प्रत्येक चांगल्या फोनमध्ये आहे. आहे, हे खरे. आपण ती भरली आहे काय? वाचकाने इथे थांबून स्वतःचा फोन पाहावा. साक्ष त्याच्याच हातात आहे. शिवाय ओल्या बोटांना आणि पावसाच्या थेंबांना काचेचा पडदा नीट दाद देत नाही. जो पावसात बिचकतो, त्याला पावसाळ्यातला एकमेव सोबती कसे मानायचे?

चौथा पुरावा मी शेतातून आणतो. उसाला पाणी पाजायला रात्रीच्या थ्री-फेजवर जाणारा शेतकरी पाहा. त्याच्या खिशात मोबाईल असतो आणि मोबाईलला दिवाही असतो. तरी तो हातात सेलची बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय उसात शिरत नाही. कारण त्याला ठाऊक आहे की उजेडासाठी फोन जाळला तर बांधावर काही झाल्यावर हाक मारायला तो उरणार नाही. आणि फोन चिखलात पडला तर उजेड व हाक दोन्ही एकदम जातील. धोक्यात रोज पाय घालणारा माणूस दोन कामे एका वस्तूवर सोपवत नाही. धोक्यापासून दूर बसलेला सोपवतो. या दोघांपैकी तज्ज्ञ कोण?

एवढे खंडन झाल्यावर समोरून दुसरा पक्ष उत्साहाने उठतो, आणि त्याला आपल्या बाजूचा समजण्याचा धोका आहे. तो म्हणतो : बरोबर! म्हणून आम्ही आणीबाणीचे तयार किट मागवले आहे. त्यात घडीचा चाकू, आग पेटवण्याची कांडी, पॅराशूटची दोरी, होकायंत्र आणि सर्पदंशाची पेटी आहे. या मित्राचा हेतू चांगला आहे. निवड चुकली आहे. ती पेटी निर्मनुष्य जंगलात भटकणाऱ्या गिर्यारोहकाच्या गरजांवर बेतलेली आहे. निपाणी-बेळगाव रस्त्यावर माणूस वाट चुकून उपाशी मरत नाही. तो पाण्यात गाडी घालून मरतो, हेल्मेट न घातल्याने मरतो, दवाखान्यात उशिरा पोचल्याने मरतो.

सर्पदंशाची पेटीच तपासू. उसाच्या फडात आणि पूर ओसरल्यावर घरांच्या आडोशाला नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही जाती सापडण्याची भीती असते. कर्नाटकाने 2024 मध्ये सर्पदंश हा नोंद सक्तीचा आजार जाहीर केला, इतका हा प्रश्न गंभीर आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला काय? जखम कापू नका, विष चोखू नका, आवळून बांधू नका. अवयव हलू न देता रुग्णाला लवकरात लवकर प्रतिविष मिळेल तिथे न्या. म्हणजे पेटीतले पाते, चोखणी आणि आवळपट्टी या तिन्ही वस्तू उपयोगाच्या तर नाहीतच, वर अपाय करणाऱ्या आहेत. जी वस्तू जवळ असल्यामुळे माणूस चुकीचे काम करतो, ती नसलेली बरी.

चाकूचेही तसेच. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले, जमावबंदी लागली आणि झडती सुरू झाली की पिशवीतला तो घडीचा चाकू तुमचे रक्षण करील, की तुम्हाला ठाण्यात बसवील? आणि वाहत्या पाण्यापुढे तर कोणतेच किट चालत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा आहे की सुमारे 15 सेंटिमीटर वाहते पाणी माणसाचे पाय उचलू शकते, 30 सेंटिमीटर बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते आणि 60 सेंटिमीटरपुढे जीप-ट्रकसारखी दणकट वाहनेही सुरक्षित नाहीत. बंधाऱ्यावरून फूटभर पाणी जात असताना मागे फिरणे हेच तिथले एकमेव साधन. ते विकत मिळत नाही.

दोन्ही पक्षांची चूक मुळात एकच आहे. पहिल्याने सगळा भार एका वस्तूवर टाकला, दुसऱ्याने एका पेटीवर. धोका कोणता, हे दोघांनीही विचारले नाही.

खंडन इथे पुरे. आता मंडन करतो, नाहीतर वाचक-न्यायाधीश म्हणतील की हा नुसता मोडणारा आहे. रोज जवळ बाळगायची वस्तू निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. पहिली : बाकी सगळे बंद पडल्यावर ती स्वतःच्या बळावर चालते काय? दुसरी : ती एरवीही रोजच्या वापरात आहे काय? वापरात नसलेली वस्तू घरी राहते किंवा पिशवीच्या तळाशी गंजते. पूर्वपक्षाचा ‘विसरत नाही’ हा मुद्दा इथे मी आदराने स्वीकारतो. तिसरी : ती वापरायची कशी हे मला आज येते काय? तिन्हींत उतरणाऱ्या वस्तू फार नाहीत, महागही नाहीत.

पहिली, सेलवरची लहान बॅटरी. चार्जिंगची घेऊ नये. चार्जिंगला वीज लागते, आणि वीज गेल्यावरच बॅटरी लागते. पेन्सिल सेल खेड्यातल्या पानपट्टीवरही मिळतो. सेल बॅटरीच्या बाहेर, कोरड्या पिशवीत ठेवले तर आतून पाझरून ती खराब होत नाही.

दुसरी, रोकड, आणि तीही सुट्टी. डिसेंबर 2022 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये सीमावादाच्या तणावात दोन्ही राज्यांमधल्या बसफेऱ्या विस्कळीत झाल्या. अशा दिवशी घरी पोचवतो तो वडापवाला, म्हणजे माणशी भाडे घेणारा जीपवाला. नेट नसेल तर त्याला रोखच हवी असते, आणि पाचशेच्या नोटेला त्याच्याकडे मोड नसते. दहा-वीस-पन्नासच्या नोटा एकूण तीन-चारशेच्या असल्या तरी प्रवासी निपाणीहून कोल्हापूरला पोचून चहाही पिऊ शकेल.

तिसरी, एक कागद. त्यावर नाव, रक्तगट, चालू औषधे, कशाची ॲलर्जी असल्यास ती आणि चार फोन क्रमांक. तो मराठीत आणि कानडीत, दोन्ही लिप्यांत लिहावा. घाटात पडलेला माणूस कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जाईल की बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, हे उचलणाऱ्याच्या वाटेवर ठरते. सीमेवरच्या माणसाच्या खिशातला कागद सीमेच्या दोन्ही बाजूंना वाचता आला पाहिजे. तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला की पावसाचे काही चालत नाही.

चौथी, सुती टॉवेल किंवा पंचा. आपल्या भागात तो कित्येकांच्या खांद्यावर आधीपासून आहेच. वाहत्या जखमेवर घट्ट दाबून धरायला, मोडलेला हात गळ्यात अडकवायला, उन्हात डोके झाकायला, भिजलेले अंग पुसायला तो चालतो. रक्त थांबवण्याचा पहिला उपाय म्हणजे स्वच्छ कापडाचा सरळ दाब. त्याला कोणत्याही परदेशी पट्टीची गरज नाही.

पाचवी, शिट्टी. ढिगाऱ्याखालच्या, गच्चीवर अडकलेल्या किंवा उसात पडलेल्या माणसाचा आवाज ओरडून लवकरच बसतो. शिट्टीला फक्त श्वास लागतो, आणि तिचा आवाज हाकेपेक्षा लांब जातो.

सहावी, ज्याला रोज गोळी लागते त्याच्यासाठी तीन दिवसांच्या गोळ्या. 2019 मध्ये महामार्ग कित्येक दिवस बंद होता, हे विसरू नये. आणि दुचाकीस्वारासाठी सातवी वस्तू, किंबहुना पहिलीच : डोक्यावरचे, पट्टा लावलेले हेल्मेट. मोटारसायकलच्या आरशाला लटकवलेले हेल्मेट आरशाचे रक्षण करते.

या यादीत मोबाईल कुठे आहे? तो आहेच. तो कुणी काढून घेतलेला नाही. पूर येण्याआधीची बातमी आणि पूर ओसरल्यानंतरची मदत या दोन्हीसाठी त्याच्याइतके चांगले साधन नाही. पॉवर बँक जोडली तर त्याचे आयुष्य आणखी दीडेक दिवस वाढेल. प्रश्न मधल्या काही तासांचा आहे. माणसे त्याच तासांत मरतात, आणि त्या तासांची हमी मोबाईल देऊ शकत नाही.

आक्षेप अजून दोन उरतात. पहिला : एवढा खटाटोप दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटासाठी? उत्तरादाखल महापुरांची वर्षेच वाचावीत : 2005, 2019, 2021. शेवटच्या दोहोंतले अंतर दोन वर्षांचे आहे. दुसरा : उद्या सगळेच फोन थेट उपग्रहाशी बोलतील, मग? तेव्हा टॉवरची कडी गळेल आणि मी आनंदाने हा लेख सुधारीन. तरीही बॅटरी संपेल, पडदा फुटेल, मालक बेशुद्ध पडेल आणि वडापवाला सुट्टे मागेल.

निकाल आता वाचकाने द्यावा. त्यासाठी एकच चाचणी सुचवतो, आणि तिला पैसा लागत नाही. आज रात्री घरातले सगळे फोन तासभर बंद करून एका खोलीत ठेवा. मग घरातल्या प्रत्येकाला, आजीपासून शाळकरी मुलापर्यंत, तीन गोष्टी विचारा : कुणाचा तरी एक फोन क्रमांक तोंडपाठ सांग, अंधारात उजेड करून दाखव, आणि वीस रुपये रोख काढून दाखव. घरातल्या प्रत्येकाला तिन्ही जमल्या, तर पूर्वपक्ष जिंकला आणि माझा सारा युक्तिवाद रद्द समजावा. एकालाही अडले, तर उद्या सकाळी बाजारात जावे.